गीझर आणि घरधनी

महाराष्ट्रातील जुन्या घरांत न्हाणीघराच्या दाराशी किंवा मागच्या पडवीत तांब्याचा बंब उभा असे. मधोमध उभे नळकांडे, त्याच्या तळाशी जाळी, वरून सोडायच्या ढलप्या नि कोळसे, आणि नळकांड्याभोवतीच्या पोकळीत पाणी, अशी त्याची साधी रचना होती. तोटी गळू लागली की घरातलाच कोणीतरी तिला सूत गुंडाळून ती घट्ट बसवी. बूड झिजले तर तांबटाकडून डाग देऊन आणीत. राख उपसण्याचे काम बहुधा मुलांकडे असे. या बंबाचा एकच मोठा दोष सर्वांच्या तोंडी होता, तो म्हणजे धूर. डोळे चुरचुरत, ठसका लागे, भिंती काळवंडत. त्या धुराला नावे ठेवणाऱ्या पिढ्यांच्या हे ध्यानी आले नसावे, की त्या धुरामुळेच बंब सहसा चार भिंतींच्या आत दार लावून कोणी पेटवला नाही.

तो बंब आता माळ्यावर गेला आहे, किंवा चिंचेने घासून दिवाणखान्याच्या कोपऱ्यात शोभेला उभा राहिला आहे. त्याची जागा शहरांतून विजेच्या गीझरने घेतली, आणि जेथे वीज महाग वाटते किंवा भरवशाची नसते तेथे गॅसच्या गीझरने. सिलिंडरचा गॅस मुंबईत घरगुती वापरासाठी मिळू लागला तो १९५५ साली. ‘इंडेन’ची पहिली जोडणी १९६५ मध्ये कलकत्त्यास दिली गेली. हा गॅस प्रथम स्वयंपाकघरात स्थिरावला, आणि तेथून न्हाणीघरापर्यंत पोहोचण्यास त्याला बरीच वर्षे लागली. आज तो तेथे भिंतीवर टांगलेल्या वीतभर जाडीच्या पत्र्याच्या पेटीत राहतो. नळ फिरवावा आणि दोन-तीन क्षणांत कढत पाणी यावे, अशी ही सोय. भारतीय मानक ब्यूरोने अशा छोट्या गीझरांसाठी आयएस १५५५८ हे मानक २००५ मध्ये ठरवले. पण मानक ठरले तरी पेटी बिघडायची राहत नाही. ती बहुधा ऐन थंडीत, आणि त्यातही घरातली सर्व माणसे टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत उभी असताना बिघडते. तंत्रज्ञ मात्र परवा येतो म्हणून सांगतो. अशा वेळी घरधनी पाना, पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पुढे सरसावतो. त्याने कोठवर जावे आणि कोठे हात आवरावा, हा या विवेचनाचा विषय आहे.

गीझर हे नाव आइसलँडमधील ‘गेसिर’ नावाच्या उफाळत्या गरम झऱ्यावरून आले आहे. १८६८ मध्ये लंडनमधील बेंजामिन मॉन या रंगकाम करणाऱ्या गृहस्थाने गॅसवर पाणी तापवणाऱ्या आपल्या यंत्राचे एकस्व घेतले, तेव्हा त्याने ते नाव यंत्राला दिले. त्याच्या यंत्रात एक उणीव होती. जळलेले वायू बाहेर नेणारे धुराडे त्याला नव्हते. पुढे जर्मनीतील डेसाउ येथे ह्यूगो युंकर्स याने १८९५ मध्ये गॅसचे गीझर बनवण्याचा कारखाना काढला. हाच युंकर्स पुढे १९१५ मध्ये संपूर्ण धातूचे विमान उडवून जगप्रसिद्ध झाला. पण त्याची विमाने ज्या पैशातून उभी राहिली, त्यातला पुष्कळसा या न्हाणीघरातल्या पेटीने मिळवून दिला होता. युरोपात कालांतराने गीझरला धुराडे जोडले गेले. भारतात जो छोटा, स्वस्त गीझर घरोघर पसरला, तो मात्र पुष्कळ ठिकाणी मॉनच्या मूळ यंत्राप्रमाणे बिनधुराड्याचाच राहिला. ही गोष्ट पुढे पुन्हा विचारात घ्यावी लागेल.

नळ उघडल्यापासून पाणी तापेपर्यंत पेटीच्या आत जे घडते ते क्रमाने समजले, तर निम्मी दुरुस्ती झाल्यासारखीच आहे. थंड पाणी प्रथम एका बारीक जाळीतून गाळून आत शिरते आणि एका डबीतील रबरी पडद्याला रेटते. पडदा फुगला की त्याला टेकलेली एक सळई सरकते. ती सळई दोन कामे करते: गॅसची झडप मोकळी करते आणि एक बारीक स्विच दाबते. स्विच दाबला गेला की पेटीच्या तळाशी बसवलेल्या दोन मोठ्या सेलांचा तीन व्होल्टचा प्रवाह सुरू होतो. टिकटिक अशी ठिणगी पडते, विद्युत्‌चुंबकावर चालणारी दुसरी झडप उघडते, आणि ज्योतींची रांग पेटते. त्या रांगेच्या वर तांब्याच्या पातळ पात्यांचा एक गठ्ठा असतो; त्यातून वेटोळे घेत गेलेल्या नळीतील पाणी तापून बाहेर पडते. ज्योतीत एक बारीक धातूची कांडी डोकावत असते. ज्योत आहे की नाही हे ती ओळखते. ज्योत नसेल तर गॅस बंद करवते. आणखी एक बटणाएवढे साधन तांब्याच्या नळीला चिकटवलेले असते. पाणी प्रमाणाबाहेर तापले तर ते प्रवाह तोडते. बहुतेक गीझरांत २० मिनिटांनी आपोआप विझण्याचीही व्यवस्था असते, आणि काहींत हवेतील प्राणवायू उणावला तर गॅस तोडणारे साधन असते.

आता पेटी उघडण्यापूर्वी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा, गीझरजवळची गॅसची तोटी बंद करावी आणि सेल काढून ठेवावेत. यात सवलत नाही.

नळ उघडूनही टिकटिक ऐकू आली नाही, तर शंभरातल्या पुष्कळ वेळा अपराधी सेलच असतो. घरधनी येथे एक काटकसर करतो, ती महागात पडते: दोहोंपैकी एकच सेल बदलतो. जुना सेल नव्याची ताकद खाऊन टाकतो आणि आठवड्याभरात तक्रार पुन्हा उभी राहते. दोन्ही एकदम बदलावेत. सेल पाझरून पत्र्याच्या पट्ट्यांवर पांढुरकी बुरशी चढली असेल, तर ती कोरड्या फडक्याने पुसून पॉलिश पेपरने पट्टी चकचकीत करावी. न्हाणीघरातील दमट हवेत हे वर्षातून एकदा करावेच लागते.

सेल नवे, पट्ट्या स्वच्छ, तरीही पेटी मुकीच, तर संशय पाण्यावर घ्यावा. रबरी पडद्याला रेटण्याइतका दाब पाण्यात नसेल, तर पुढचे काहीच घडत नाही. गच्चीवरील टाकी आणि न्हाणीघर यांच्यात दहा मीटरचे अंतर असले की सुमारे एक बार दाब मिळतो. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला त्याचा पाचवा हिस्साही मिळत नाही. तळमजल्यावर उत्तम चालणारा गीझर वरच्या मजल्यावर नेला की रुसतो, याचे कारण यंत्रात नसून टाकीच्या उंचीत असते. पण ज्याच्याकडे कालपर्यंत गीझर चालत होता आणि आज चालत नाही, त्याने पाणी बंद करून आत येणाऱ्या नळीचा आटा सोडवावा आणि ती जाळी बाहेर काढावी. पावसाळ्यानंतर आणि टाकी धुतल्यानंतर या जाळीवर गाळ, गंजाचे कण, क्वचित शेवाळाचा थर हमखास सापडतो. दात घासण्याच्या जुन्या ब्रशने ती घासली की काम होते. तसेच शॉवरच्या तोंडाचे. त्याची छिद्रे क्षारांनी बुजली की पाणी पुढे सरकत नाही, आणि मग मागच्या पडद्यालाही त्याचा वेग जाणवत नाही. शॉवर काढून नुसत्या नळीने पाहावे. गीझर लगेच पेटला, तर दोष शॉवरचा.

ठिणगी पडते पण ज्योत लागत नाही, अशी तक्रार नवा सिलिंडर लावल्यावर हटकून येते. नळीत हवा शिरलेली असते. थोड्या थोड्या वेळाने दोन-चारदा नळ उघडून मिटला की हवा निघून जाते. मात्र तेवढ्यात गॅसचा वास येऊ लागला, तर प्रयत्न सोडून खिडकी-दार उघडावे. हा गॅस हवेहून दीड ते दोन पट जड असल्यामुळे तो जमिनीलगत साठतो आणि सहजासहजी निघून जात नाही. कोठे गळती आहे हे पाहण्यासाठी साबणाचा फेस वापरावा. काडी ओढून गळती शोधणारे धाडसी पुरुष अजूनही आहेत, याचे नवल वाटते.

याहून चमत्कारिक तक्रार म्हणजे ज्योत लागते आणि चार-पाच सेकंदांत विझते. वर सांगितलेल्या कांडीवर काजळीचा किंवा क्षारांचा थर बसला की तिला समोरची ज्योत ओळखता येत नाही, आणि ती इमानाने गॅस तोडते. पुढचे झाकण काढून, कांडी न वाकवता, बारीक पॉलिश पेपरने ती हलकेच घासावी, आणि तिच्या मागची तार सैल झाली असल्यास घट्ट बसवावी. यात गॅसचा मार्ग कोठेही उघडावा लागत नाही, म्हणून हे काम घरधन्याचे. परंतु कांडी स्वच्छ असूनही गीझर पुन्हा पुन्हा विझत असेल, तर तो बिघडला असे म्हणण्याची घाई करू नये. ज्या गीझरात प्राणवायूवर नजर ठेवणारे साधन आहे, तो खोलीतील हवा खराब झाल्यामुळे विझत असण्याचा संभव असतो. न्हाणीघराचे दार सताड उघडून पाहावे. दार उघडे असता नीट चालतो आणि दार लावले की विझतो, असे आढळले, तर यंत्र निर्दोष आहे.

सोलापूर, मराठवाडा, विदर्भाचा काही भाग, शिवाय पुण्याच्या बाहेरील नव्या वसाहती, जेथे कूपनलिकेच्या जड पाण्यावर घर चालते, तेथे एक वेगळा रोग आहे. पाणी तापले की त्यात विरघळलेले चुन्याचे क्षार नळीच्या आत दगडासारखे चढतात. पाण्याची धार वर्षावर्षाने बारीक होते, नळीतून किटलीसारखी खदखद ऐकू येते. यावर लिंबूसत्त हा उत्तम उपाय आहे. गॅस आणि पाणी बंद करून, गीझर गार झाल्यावर, गरम पाण्याच्या तोंडाला नळी लावून ती गीझरच्या वर धरावी आणि लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त विरघळवून ते पाणी नरसाळ्याने आत सोडावे. बुडबुडे येऊ लागतात. ते थांबेपर्यंत, अर्धा-पाऊण तास, वाट पाहावी आणि मग भरपूर थंड पाण्याने आतली नळी धुऊन काढावी. संडास साफ करण्याचे तीव्र आम्ल यासाठी वापरण्याची कल्पना काही घरांत सुचते. ते आम्ल क्षारांबरोबर धातूलाही खाते, आणि महिन्याभरात नळीला भोक पडते.

एक तक्रार मात्र तक्रारच नव्हे. मुंबईहून बदली होऊन दिल्लीस किंवा इंदुरास गेलेल्या कुटुंबाला पहिल्याच हिवाळ्यात वाटते की प्रवासात गीझर बिघडला, पाणी कोमटच येते. दर मिनिटास सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवण्याची शक्ती या यंत्रात असते, त्याहून अधिक नाही. मुंबईच्या जानेवारीत टाकीतले पाणी २४-२५ अंश असते, तेव्हा नळातून ५० अंशांचे निघते. दिल्लीच्या टाकीत ते १२ अंशांवर उतरते, तेव्हा ३७ अंशांचेच निघणार. पाण्याची धार निम्मी करावी, म्हणजे अंश वाढतात. दुरुस्तीचा खर्च शून्य.

इतके झाले म्हणजे घरधन्याचे राज्य संपते. नळ बंद केल्यावरही ज्योत जळत राहिली, तर गॅस तत्काळ बंद करून तंत्रज्ञाची वाट पाहावी. सळई अडकलेली असते आणि नळीतले थांबलेले पाणी उकळू लागलेले असते. ज्योत निळी न दिसता पिवळी, लांब, लवलवती दिसू लागली किंवा पात्यांवर काजळी धरली, तर जळणे अपुरे होत आहे. गॅसच्या तोट्या, त्याची बारीक छिद्रे, झडपा, यांपैकी काहीही खोलण्याचा मोह धरू नये. रबरी पडदा फाटला तर तो पाण्याच्या बाजूचा भाग म्हणून काही हौशी गृहस्थ स्वतः बदलतात. पण पडद्याची डबी आणि गॅसची झडप एकाच सांगाड्यात बांधलेली असतात, आणि एक खिळा चुकीचा सैल झाला तर पाण्याऐवजी गॅस गळू लागतो. सिलिंडरचा गीझर नळाच्या गॅसवर जोडणे हेही तसेच. दोन्ही गॅसचे दाब आणि उष्णता देण्याची शक्ती वेगळी, म्हणून छिद्रेही वेगळी लागतात. नळी जोडता आली म्हणजे गॅस जुळला असे होत नाही.

आणि एक दुरुस्ती अशी आहे, की जी करणारा घरधनी असो वा पैसे घेऊन आलेला कारागीर, तिला दुरुस्ती म्हणता येणार नाही. पाणी फार तापल्यास प्रवाह तोडणारे जे बटणाएवढे साधन आहे, त्याच्या दोन तारा सोडवून एकमेकींना पिळून टाकल्या की वारंवार विझणारा गीझर अखंड चालू लागतो. हे काम एका मिनिटाचे आहे आणि घरातली माणसे कारागिराची वाहवा करतात. पहारेकरी फार ओरडतो म्हणून त्याच्या तोंडात बोळा कोंबण्याचा हा प्रकार आहे. कारागीर गेल्यावर झाकण काढून अशा पिळलेल्या तारा दिसतात का, हे प्रत्येकाने एकदा पाहावे.

येथवर यंत्राच्या बिघाडांचा विचार झाला. परंतु गॅसच्या गीझरने आजवर जे बळी घेतले आहेत, त्यांतील पुष्कळ ठिकाणी यंत्र बिघडलेले नव्हतेच. ते उत्तम चालत होते. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात येणाऱ्या त्या बातम्या सारख्याच असतात: आंघोळीला गेलेले माणूस बराच वेळ बाहेर आले नाही, हाका मारल्या, दार फोडले. यात नवविवाहित जोडपी असतात, परीक्षेला निघालेली मुले असतात. दार फोडणाऱ्यांना आत धूर दिसत नाही, वास येत नाही, आणि कित्येकदा गीझर शांतपणे जळत असतो.

याचा हिशेब कठीण नाही. दर मिनिटास सहा लिटर पाणी तापवणारा गीझर तासाला सुमारे एक किलो, म्हणजे मिनिटाला सोळा-सतरा ग्रॅम गॅस जाळतो. एक किलो गॅस पुरता जळण्यास जवळजवळ बारा घनमीटर हवा लागते. अर्थात दहा मिनिटांच्या आंघोळीला दोन घनमीटर. आता सदनिकेतील न्हाणीघर मोजावे: दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, अडीच मीटर उंच. सारी मिळून साडेसात घनमीटर हवा. दार-खिडकी घट्ट बंद असेल, तर दहा मिनिटांत तेथील प्राणवायूचा चतुर्थांशाहून अधिक भाग ज्योतीने खाल्लेला असतो. हवेतील त्याचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांच्या आसपास येते. प्राणवायू असा उणावू लागला की ज्योतीचे जळणे बिघडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. जळून निघालेला वायू पुन्हा ज्योतीकडेच ओढला जातो, तसतसे ते विष वाढत जाते. पहिली पाच मिनिटे निर्धोक गेली म्हणून पुढची पाच तशी जातील असे नाही.

कार्बन मोनॉक्साइडला रंग, वास, चव काहीच नाही. सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला दुर्गंधही ज्योतीत जळून जातो. रक्तातील जो पदार्थ प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बिलगतो. जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने गेल्याच्या आधीच्या शतकाच्या अखेरीस कोळशाच्या खाणींतील मृत्यूंचा अभ्यास करताना हे प्रकरण उलगडले, आणि खाणीत उतरताना लहान प्राणी वा पक्षी बरोबर न्यावा असे सुचवले. कारण माणसाला कळण्यापूर्वी तो कोसळतो. न्हाणीघरात पिंजरा टांगण्याची चाल नाही. तेथे माणसाला प्रथम डोके जड झाल्यासारखे वाटते, मळमळते, आणि मग पायांतली शक्ती जाते. काहीतरी चुकते आहे हे उमजेपर्यंत कडीपर्यंत हात पोहोचत नाही. भारतीय मेंदुविकारतज्ज्ञांनी असे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवले आहेत, की ज्यांना न्हाणीघरात बेशुद्ध पडल्यामुळे अपस्मार समजून औषधे सुरू झाली होती. खरे कारण भिंतीवरच्या गीझरमध्ये होते.

असा माणूस सापडल्यास प्रथम त्याला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे. त्याला बरे वाटू लागले तरी न्यावे. नुसत्या हवेत हे विष रक्तातून निम्मे उतरण्यास चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायू दिल्यास तास-दीड तास. करोनाच्या साथीपासून अनेक घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. तो येथे फसवतो. या वायूने भरलेले रक्त त्याला प्राणवायूने भरलेल्या रक्तासारखेच दिसते, आणि मरणाच्या दारातल्या माणसालाही तो ९८ दाखवू शकतो. तो आकडा पाहून कोणी घरी थांबू नये.

म्हणून गीझरची सर्वांत मोठी दुरुस्ती पेटीच्या बाहेर करावी लागते. न्हाणीघराच्या झरोक्यातील काचेच्या झडपांत थंडीसाठी कोंबलेली वर्तमानपत्रे हे तिचे पहिले पाऊल आहे. ती काढून टाकावीत. हवा बाहेर टाकणारा पंखा बसवला म्हणजे भागले, असे पुष्कळांना वाटते. परंतु दार खालपर्यंत घट्ट असेल तर पंख्याला बाहेर टाकण्यास हवा मिळणार कोठून? दाराच्या तळाशी जाळी आणि वर झरोका, दोन्ही उघडे असतील तेव्हाच वारा खेळतो. घरात मोनॉक्साइडची सूचना देणारे छोटे यंत्रही आता मिळते. ते लावावे, पण त्याच्या भरवशावर झरोका बंद करू नये.

ज्यांना भिंतीला हात लावणे शक्य नाही, भाड्याच्या घरात राहतात त्यांना तर नाहीच, त्यांच्यासाठी महाराष्ट्राच्या घरांतील जुनी बादली आणि तांब्या पुरेसा आहे. दार उघडे ठेवून बादली भरून घ्यावी, गीझर आणि गॅसची तोटी बंद करावी, दोन-तीन मिनिटे वाफ जाऊ द्यावी, आणि मग आत जाऊन कडी लावावी. चालू गीझरखाली शॉवर घेण्याची चैन तेवढी सोडावी लागते. कपडे आणि भांडी धुण्यासाठी मोलकरणीला त्याच बंद खोलीत अर्धा तास गीझर चालवून बसवणारे घर स्वतःपुरतीच काळजी घेते, एवढे मात्र म्हटले पाहिजे.

ज्यांना हे शक्य आहे त्यांनी पेटी न्हाणीघरातून काढून बाहेरच्या सज्जात टांगावी आणि तेथून फक्त गरम पाण्याची नळी आत आणावी. बाहेर म्हणजे खरोखर बाहेर. चहूकडून सरकत्या काचा लावून बंद केलेला सज्जा ही आणखी एक खोलीच असते. आणि ज्या अरुंद चौकात शेजाऱ्यांच्या न्हाणीघरांचे झरोके उघडतात तेथे गीझर टांगणे म्हणजे आपले विष दुसऱ्याच्या घरात सोडणे. पावसाची झड आणि वारा यांपासून ज्योतीला आडोसा लागतो, म्हणून वर पत्र्याची लहान छपरी आणि वाऱ्याच्या बाजूला एक उभी फळी बसवावी, समोरची बाजू मात्र उघडी ठेवावी. गॅसची रबरी नळी या बदलात लांब करावी लागल्यास जोड देऊ नये. मानकचिन्हाची अखंड नळी घ्यावी, आणि तिच्यावर छापलेली मुदत संपली की, बाहेरून कितीही नवी दिसली तरी, ती बदलावी. गॅसची जोडणी परवानाधारक माणसाकडून करून घ्यावी. पाण्याची नळी बसवणे, भिंतीला भोक पाडणे, छपरी ठोकणे ही कामे एका रविवारात घरधन्याला जमण्यासारखी आहेत.

या बदलाला घराघरांतून एकच आक्षेप घेतला जातो, आणि बहुधा तो घरातील वडीलधाऱ्यांकडून येतो: एवढ्या लांबून आणलेले पाणी वाटेतच निवणार. अर्ध्या इंची नळीच्या चार मीटर लांबीत पाणी मावते अर्धा-पाऊण लिटर. तेवढे थंड पाणी निघून जाण्यास पाच-सात सेकंद लागतात, आणि ते बादलीतच पडते.